श्रोत्यास बुडविण्याची विद्या

अलीकडे करमणुकीच्या जाहिरातींत ‘इमर्सिव्ह’ या इंग्रजी विशेषणाचा मोठा सुकाळ झाला आहे. चार भिंती, जमीन आणि छत यांवर प्रोजेक्टरांनीं चित्रें नाचवावींत, सभोंवार ध्वनिक्षेपक उभे करावेत, मध्यें प्रेक्षकास आणून सोडावें, आणि अर्ध्या तासानें तो बाहेर पडला म्हणजे तो कलेंत बुडून आला असें जाहीर करावें, असा हा एकंदर थाट असतो. जाहिरातींत आंखणी करणाऱ्या कलावंताचें नांव शोधावें लागतें. यंत्रें किती हें मात्र ठळक अक्षरांत असतें. जाहिरात करणारांवर आमचा राग नाहीं. ते व्यापारी आहेत, आणि व्यापाऱ्यानें वजनावर माल विकावा यांत नवल तें काय? आमचा वाद आहे तो अशा मांडणशिल्पांची आंखणी करणाऱ्यांशीं, त्यांस द्रव्यसाहाय्य करणाऱ्या संस्थांशीं, आणि तीच व्यापारी तागडी हातीं धरून ‘केवढा हा भव्य अनुभव!’ असे उद्गार काढणाऱ्या टीकाकारांशीं.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. नाद आणि प्रकाश यांच्या मांडणशिल्पास कला म्हणण्यासच जे तयार नाहींत, हीं सारीं दारूकामाचीं आणि जादूच्या खेळांचीं धाकटीं भावंडें असें म्हणून जे नाक मुरडतात, त्यांच्या पंक्तीस आम्ही बसूं इच्छीत नाहीं. आमच्या मतें ही एक स्वतंत्र कला आहे, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत तींत थोर म्हणण्याजोग्या कृति झाल्या आहेत. परंतु ज्या गुणामुळें त्या थोर ठरल्या, त्या गुणाचीच गळचेपी आज त्यांच्या नांवानें चालली आहे. हा गुण कोणता, तें आमचें व्याकरणच सांगून टाकतें. ‘श्रोता तल्लीन झाला’ या वाक्यांत श्रोता कर्ता आहे. ‘श्रोत्यास बुडविलें’ या वाक्यांत तो कर्म आहे. पहिल्यांत चित्त एकाग्र करण्याचा व्यापार श्रोत्याचा आहे. दुसऱ्यांत सारा व्यापार यंत्राचा, आणि श्रोता नुसता भिजतो. मांडणशिल्पाची आंखणी करणारापुढें पहिला आणि शेवटचा प्रश्न हाच कीं, आपल्या वाक्यांत श्रोत्यास कोणतें स्थान द्यावयाचें.

आतां या कलेची सामग्री पाहूं. साध्या रेडिओंतून ध्वनीचा एकच प्रवाह येतो. स्टीरिओ यंत्रांतून दोन. अनेक वाहिन्यांच्या मांडणींत आठ, सोळा, चाळीस किंवा त्यांहूनही अधिक स्वतंत्र प्रवाह असतात, आणि प्रत्येक प्रवाह आपापल्या ध्वनिक्षेपकांतून बाहेर पडतो. म्हणजे नाद केव्हां यावा, कोणत्या स्वराचा यावा, किती मोठा यावा, या जुन्या प्रश्नांच्या जोडीस तो कोठून यावा आणि कोठें जावा, हा नवा प्रश्न संगीतकाराच्या हातीं येतो. ही देणगी खरोखरच मोठी आहे. परंतु ती वापरण्यापूर्वीं माणसाचा कान कसा ऐकतो हें ठाऊक असावें लागतें. हवेंत नाद एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटर अंतर तोडावयास त्यास २९ सहस्रांश सेकंद लागतात. दोन ध्वनिक्षेपकांतून एकच नाद एकाच क्षणीं निघाला आणि श्रोता त्यांपैकीं एकाच्या जवळ उभा असला, तर ज्याचा नाद आधीं पोहोंचला त्याच्याच दिशेस कान सर्व श्रेय देतो. मागाहून आलेला नाद थोडा मोठा असला तरी पहिल्यांत मिळून जातो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानें १९४९ सालच्या आपल्या प्रबंधांत या गोष्टीचा सविस्तर अभ्यास केला, आणि ध्वनिशास्त्रांत ती आज त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

या एका नियमापुढें कित्येक भपकेदार मांडण्या कोलमडून पडतात. आंखणी करणारा खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसतो, आणि नाद डावीकडून उजवीकडे, पुढून मागें कसा गरगर फिरतो हें पाहण्यांत रात्री घालवितो. उद्घाटनाच्या दिवशीं तेथें दोनशें माणसें येतात. मधोमध उभें राहावयास एकासच जागा. बाकीच्या एकशें नव्याण्णवांना जो कर्णा जवळ तोच ऐकूं येतो. युरोपांतील जुन्या दरबारी नाटकगृहांत पडद्यावरील देखाव्याचें यथार्थदर्शन राजाच्या आसनावरूनच बिनचूक दिसावें अशी रचना असे. तें राजासन लोकशाहीनें मोडलें. आमच्या यंत्रकारानें तें पुन्हां मांडलें आहे, आणि दुःख एवढेंच कीं, त्यावर तो स्वतःच बसला आहे. खरी आंखणी फिरणाऱ्या कानासाठीं असावी लागते. कोपऱ्यांत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यास जें ऐकूं येईल तें मधल्या माणसाहून निराळें असलें तरी चालेल. तें अपुरें असतां कामा नये.

या कलेचा इतिहास पाहिला तर आमचें म्हणणें अधिक पटेल. १९५८ सालीं ब्रसेल्स येथें जागतिक प्रदर्शन भरलें. फिलिप्स या डच कंपनीनें आपल्या मंडपाचें काम ल कॉर्बुझिए या स्थापत्यकाराकडे सोंपविलें. चंडीगढच्या आंखणीमुळें हें नांव आमच्याकडे परिचित आहेच. त्यानें एक विद्युत्काव्य करावयाचें ठरविलें आणि त्यांतील संगीतासाठीं एदगार व्हारेझ याचाच आग्रह धरला. कंपनीस हा संगीतकार नको होता. परंतु स्थापत्यकार हटला नाहीं. मंडपाचे वक्र पृष्ठभाग यानिस झेनाकिस या ग्रीक तरुणानें गणिताच्या साह्यानें योजिले. आंत एका वेळीं सुमारें ५०० माणसें उभीं राहत, आणि आठ मिनिटें चित्रें, रंगीत प्रकाश आणि नाद यांचा प्रयोग चाले. ध्वनिक्षेपक ३००हून अधिक होते, आणि आमचे प्रतिपक्षी हाच आंकडा पुन्हां पुन्हां सांगतात.

परंतु त्या आंकड्यांत त्या कृतीचें मर्म नाहीं. मर्म होतें तें दुसऱ्या एका फितींत. नाद एका फितीवर तीन पट्ट्यांत मुद्रित केला होता. आणि तो कोणत्या क्षणीं कोणत्या कर्ण्यांतून निघून भिंतीच्या वक्र अंगावरून कसा चढावा, याच्या आज्ञा पंधरा पट्ट्यांच्या वेगळ्या फितीवर लिहिलेल्या होत्या. म्हणजे नादाला नुसती जागा नव्हती, वाट होती. आणि ती वाट स्वराइतक्याच काळजीनें रचलेली होती. शिवाय चित्रें आणि संगीत यांची क्षणोक्षणीं सांगड मुद्दाम घातलेली नव्हती. डोळ्यांस एक दिसे, कानांस दुसरें ऐकूं येई, आणि दोहोंचा मेळ घालण्याचें काम प्रेक्षकावर सोंपविलेलें असे. याहून सांगण्यासारखी गोष्ट अशी कीं, लोक आंतबाहेर होत असतांना जो छोटा नादप्रबंध वाजे, तो झेनाकिसनें जळत्या कोळशाच्या तडतडीच्या ध्वनिमुद्रणांतून घडविला होता. शेंकडों कर्णे हाताशीं असतां या माणसानें चुलीजवळ कान नेला! सामग्रीची श्रीमंती आणि कल्पनेची श्रीमंती या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, याचा यापेक्षां चांगला पुरावा कोणता?

३० जानेवारी १९५९ रोजीं तो मंडप पाडून टाकण्यांत आला. व्हारेझचें संगीत आज दोन वाहिन्यांत कोणासही ऐकतां येतें; पण त्याच्या वाटा त्या भिंतींबरोबर गेल्या. पुढें संशोधकांनीं संगणकावर त्या जागेची प्रतिकृति उभारण्याचे स्तुत्य प्रयत्न केले. परंतु प्रतिकृति ती प्रतिकृतिच. यंत्रें मोजणाऱ्या आश्रयदात्याचें लक्ष प्रदर्शन संपतांच दुसरीकडे वळतें, आणि कृतीचा आत्मा कोठें होता हें त्यास शेवटपर्यंत कळत नाहीं, असा याचा धडा आहे.

झेनाकिसनें ही विद्या पुढें नेली. १९७२ सालीं पॅरिस येथील क्ल्यूनीच्या प्राचीन रोमन स्नानगृहांत त्यानें एक नाद-प्रकाशप्रबंध मांडला. सुमारें ६०० लखलखणारे दिवे, तीन लेसर, सात वाहिन्यांचा नाद आणि चोवीस मिनिटांचा अवधि. प्रेक्षक जमिनीवर बसत किंवा आडवे होत, आणि वर काळोखांत दिव्यांचीं नक्षत्रें उमटत व विझत. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, तेथें चित्र नव्हतें. होते ते केवळ बिंदु आणि रेषा. त्यांतून आकृति जुळवावयाची ती पाहणाऱ्यानें, जशी आम्ही आकाशांत सप्तर्षींची जुळवितों. १९७८ सालीं पाँपिदू केंद्रासमोर ‘दियातोप’ नांवाच्या मंडपांत त्यानें ४६ मिनिटांचा दुसरा प्रबंध मांडला, तेव्हां प्रेक्षकांच्या हातीं एक पुस्तिका दिली. तींत प्लेटोची मरणोत्तर प्रवासाची कथा होती, पास्कलचें अनंतासंबंधींचें चिंतन होतें, आणि ताऱ्याच्या स्फोटाविषयीं एका शास्त्रज्ञाचा मजकूर होता. श्रोत्यास वाचतां येतें आणि विचार करतां येतो, असें गृहीत धरणारा हा कलावंत होता.

येथें आमचा चतुर प्रतिपक्षी म्हणेल कीं, झेनाकिसचा नाद तर अतिशय दणदणीत असे, त्यांत श्रोता बुडून जाई, मग तुमचा सिद्धांत गेला कोठें? शिवाय १९७१ सालीं त्यानें पर्सेपोलिसच्या अवशेषांत इराणच्या राजघराण्याच्या आश्रयाखालीं असाच भव्य प्रयोग केला. तो भपका नव्हता काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. राजाश्रयाच्या प्रकाशांत अवशेष उजळले म्हणजे राजाही उजळतो, आणि त्या प्रयोगावर त्याच काळीं झालेली टीका आम्हांस अगदीं निराधार वाटत नाहीं. परंतु मोठा आवाज आणि बुडविणें या एकच गोष्टी नव्हेत. समुद्रकांठीं लाटांचा आवाज मोठा असतो. तेथें माणूस एकटा बसून विचार करूं शकतो. झेनाकिसच्या नादांत काय ऐकावें, कोणता भाव मनांत आणावा, कोणत्या ठिकाणीं डोळे पुसावे, हें कोणी सांगत नाहीं. उलट अगदीं मंद, गोड संगीतही जर क्षणोक्षणीं श्रोत्याचा हात धरून त्यास ठराविक भावनेच्या दारांत नेऊन उभें करीत असेल, तर तें बुडविणेंच होय. भेद आवाजाच्या मापांत नाहीं. तो श्रोत्यास उरलेल्या कामांत आहे.

या कसोटीवर हल्लींचे लोकप्रिय चित्रमहाल घासून पाहावे. पॅरिसमध्यें २०१८ सालीं एका जुन्या ओतशाळेंत असें कायमचें प्रदर्शनगृह निघालें. व्हॅन गॉगच्या चित्रांचे असे खेळ पुढें जगभर झाले आणि २०२३ सालीं मुंबईसही येऊन पोहोंचले. व्हॅन गॉगचें तारांकित रात्रीचें प्रसिद्ध चित्र मूळांत सुमारें ७४ सेंटिमीटर उंच आणि ९२ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे एका खिडकीएवढें. त्यापुढें माणूस उभा राहतो तेव्हां रंगाचे जाड थर, कुंचल्याचा वेग आणि हाताची अधीरता त्यास दिसते. आभाळ फिरूं लागतें तें त्याच्या डोळ्यांत. चित्रमहालांत तें भिंतीएवढें होतें आणि आभाळ खरोखरच फिरविलें जातें. चित्रकारानें स्थिर रंगांतून गति उत्पन्न केली हा त्याचा चमत्कार. यंत्रकार ती गति प्रत्यक्ष करून दाखवितो आणि चमत्कार पुसून टाकतो. उपमा देऊन झाल्यावर तिचें स्पष्टीकरण करणारा कवि आम्हांस सहन होत नाहीं. मग येथेंच आम्ही टाळ्या कां वाजवाव्या?

अशा ठिकाणीं नादाची अवस्था तर याहून केविलवाणी असते. वाचकांनीं एक सोपी परीक्षा करून पाहावी. आंत गेल्यावर पांच मिनिटें डोळे मिटावे आणि जागा बदलीत राहावें. नाद जर प्रत्येक ठिकाणीं तोच असेल, तो कोठून येतो या प्रश्नास कांहीं अर्थच नसेल, तर समजावें कीं तेथें वाहिन्या दोनच आहेत आणि बाकीचे कर्णे केवळ आरास म्हणून टांगले आहेत. तशीच प्रकाशाची परीक्षा कान झांकून करावी. दोन्ही परीक्षांत जी कृति उतरेल तिच्यांतच दोहोंच्या संयोगाला कांहीं किंमत. एकमेकांचे दोष झांकण्यासाठीं केलेला विवाह हा विवाह नव्हे.

आंखणीचा दुसरा महत्त्वाचा विषय म्हणजे जागा. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत एका व्याख्यानगृहांत शब्द ऐकूं येईनात, म्हणून १८९५ सालीं वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकास तें दुरुस्त करावयास सांगण्यांत आलें. त्यानें ऑर्गनची एक नळी, कालमापक आणि शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या घेऊन रात्रीच्या शांततेंत प्रयोग केले. किती गाद्या ठेवल्या म्हणजे नाद किती वेळांत विरतो हें मोजलें. वास्तूच्या ध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांवर घातला गेला. तात्पर्य, खोली हें रिकामें भांडें नव्हे. तें स्वतःच एक वाद्य आहे, आणि तें कसें वाजतें हें ऐकल्यावांचून त्यांत कर्णे टांगूं नयेत. १६५६ च्या सुमारास पुरा झालेला विजापूरचा गोल घुमट पाहा. सुमारें ३८ मीटर अंतरावर सज्जाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसास कुजबुज स्पष्ट ऐकूं येते. तेथें ना वीज, ना वाहिनी. परंतु दोन माणसें आणि एक वक्र भिंत यांत जो नादाचा प्रवास घडतो, तो अनेक आधुनिक मांडण्यांत घडत नाहीं.

अशा वास्तूंशीं आम्ही वागतों कसे? फ्रान्समध्यें शांबोर येथील राजवाड्यापुढें १९५२ सालीं ध्वनि आणि प्रकाश यांचा रात्रीचा प्रयोग प्रथम झाला; १९६५ सालीं तो प्रकार दिल्लीच्या लाल किल्ल्यांत आला, आणि आतां ज्या किल्ल्यास तटबंदी उरली आहे त्याच्या भाळीं हा प्रयोग लिहिलेलाच आहे. प्रेक्षक खुर्च्यांवर बसतात, एक घनगंभीर आवाज त्यांना इतिहास सांगतो, घोड्यांच्या टापा वाजतात, आणि वर्णन ज्या भिंतीचें चाललें असेल तिच्यावर प्रकाश पडतो. इतिहास सांगूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या जागेंत शतकांचें मौन सांठलें आहे तेथें क्षणभरही मौन ऐकूं न देणें, आणि प्रेक्षकास दगडाला हात लावून एक फेरी मारूं न देतां खुर्चीस खिळवून ठेवणें, ही जागेची मांडणी नव्हे. हें व्याख्यान आहे, आणि किल्ला त्याच्या मागचा पडदा आहे.

मग चांगली मांडणी असते तरी कशी, असें कोणी विचारील. दोन उदाहरणें देतों. टॉमस टॅलिस या इंग्रज संगीतकारानें १५७० च्या सुमारास चाळीस स्वतंत्र आवाजांचें एक धर्मगीत रचलें. जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलावतीनें २००१ सालीं त्यांतील प्रत्येक गायकाचा आवाज वेगळा मुद्रित केला, आणि चाळीस आवाजांसाठीं चाळीस ध्वनिक्षेपक माणसाच्या उंचीवर लंबवर्तुळांत उभे केले. येथें चाळीस हा आंकडा डौलासाठीं नाहीं. आवाज चाळीस आहेत म्हणून कर्णे चाळीस. मध्यें उभें राहिलें तर सारा मेळ ऐकूं येतो; एका कर्ण्याजवळ गेलें तर एकटा माणूस श्वास घेऊन गातांना ऐकूं येतो. मेळ ऐकावा कीं माणूस, हें श्रोत्यानें आपल्या पायांनीं ठरवावयाचें. सुमारें अकरा मिनिटांच्या गायनानंतर तीन मिनिटें तेच गायक खोंकतात, गप्पा मारतात. तेव्हां कळतें कीं, ही दिव्य वाणी ज्यांच्या मुखांतून निघाली तीं आपल्यासारखींच माणसें आहेत.

दुसरें उदाहरण न्यूयॉर्कचें. आणि त्याचा धागा आमच्या घरापर्यंत येतो. ला माँट यंग आणि मॅरियन झझीला या दांपत्यानें १९९३ पासून तेथील चर्च स्ट्रीटवरील एका मजल्यावर आपलें ‘ड्रीम हाउस’ मांडलें. जांभळट-किरमिजी प्रकाश आणि पूर्णांकांच्या प्रमाणांत जुळविलेले, न थांबणारे शुद्ध स्वर, एवढीच त्याची सामग्री. परंतु खोलींत या स्वरांच्या स्थिर लाटा उभ्या राहत असल्यामुळें श्रोत्यानें मान किंचित् वळविली तरी निराळी स्वरसंगति कानीं पडते. तो निश्चल बसला कीं तीही निश्चल होते. म्हणजे येथें नाद बोलतो तो श्रोत्यानें हालचाल केली तर! हे दोघेही पंडित प्राणनाथ यांचे शिष्य. प्राणनाथ किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचे. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस येऊन राहिले, आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या नांवाचा महोत्सव पुण्यांत १९५३ पासून चालत आला आहे. तानपुऱ्याच्या तारा लागल्या म्हणजे न छेडलेला गंधार ज्यांच्या कानांत आपोआप उमटतो, त्या लोकांना ही मांडणी परकी वाटण्याचें कारण नाहीं. जो गंधार कोणी वाजविलेला नाहीं तो ऐकणें, यालाच आम्ही तल्लीनता म्हणतों.

यावर शेवटचें आणि सर्वांत आवडतें उत्तर येतें: लोकांना हेंच आवडतें, तुम्हां प्राध्यापक मंडळींना गर्दीचा तिटकारा आहे. हें उत्तर खोटें आहे. क्ल्यूनीच्या स्नानगृहांत लाखाहून अधिक लोक गेले, आणि कार्डिफच्या चाळीस कर्ण्यांमध्यें देशोदेशींचे लोक डोळे मिटून उभे राहिले. लोकांना अवघड गोष्ट नको असते असें नाहीं. ती त्यांच्यापुढें आणण्याचें धैर्य आश्रयदात्यांस नसतें. यंत्रांची खरेदी सोपी असते, कारण यंत्रें मोजतां येतात आणि पावती मिळते. संगीतकारास रिकाम्या खोलींत महिनाभर बसून नुसतें ऐकूं द्यावें, यासाठीं पैसा खर्च करावयाचा म्हणजे विश्वास लागतो; आणि विश्वासाची पावती कोणीच देत नाहीं.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा असता तर आम्हीं इतका शाईचा खर्च केला नसता. येथें माणसाच्या इंद्रियांचा प्रश्न आहे. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्य-संस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबेलचा आवाज आठ तास, तर १०० डेसिबेलचा केवळ पंधरा मिनिटें सुरक्षित मानला जातो. जपानांत १६ डिसेंबर १९९७ रोजीं दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रपटांत तांबडा-निळा प्रकाश झपाट्यानें लुकलुकला, आणि ६००हून अधिक मुलांना रुग्णालयांत न्यावें लागलें. काळोखास डोळा पुरता सरावण्यास वीस-तीस मिनिटें लागतात. मंद प्रकाशाचें सौंदर्य दाखवावयाचें तर तेवढा धीर आंखणींतच असावा लागतो. आमच्या गणेशोत्सवाच्या मिरवणुकींत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात आणि लेसरचे झोत गर्दीच्या डोळ्यांवर फिरतात. २००० सालच्या नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ डेसिबेलची मर्यादा घालून दिली आहे. ती त्या भिंतींखालीं चिरडली जाते. चित्रमहालांतील सभ्य मंडळी या मिरवणुकींस गांवढळ म्हणतात. आम्हांस तर दोहोंत तिकिटाखेरीज मूलभूत भेद दिसत नाहीं. अधिक कर्णे, अधिक झोत म्हणजे अधिक अनुभव, हें दोघांचेंही ब्रीद आहे. आणि ज्या मुलांचे कान आज या ब्रीदावर वाढत आहेत, त्यांना उद्यां तानपुऱ्यांतील गंधार ऐकूं येईल काय, हा आमचा खरा प्रश्न आहे.

म्हणून आंखणी करणारांकडे आमचें मागणें असें. प्रथम रिकाम्या जागेंत टाळी वाजवून ती जागा काय उत्तर देते तें ऐकावें. मग नाद आणि त्याची वाट एकत्र रचावी. आणि त्या वाटेला जितके कर्णे लागतील तितकेच टांगावे, एकही अधिक नको. श्रोत्यास फिरण्यास मोकळीक, बसण्यास जागा आणि बाहेर पडण्यास उघडें दार असावें. दिव्यांच्या लुकलुकीची आणि आवाजाच्या मोठेपणाची सूचना दारावर स्पष्ट लिहावी. मांडणीच्या सविस्तर आज्ञा कागदावर लिहून ठेवाव्या, म्हणजे मंडप पडला तरी कृति पुन्हां उभी करतां येईल. आणि सर्वांत महत्त्वाचें, नादांत शांततेस आणि प्रकाशांत अंधारास त्यांचा न्याय्य वांटा द्यावा, कारण श्रोता स्वतःचें असें जें कांहीं करतो तें त्याच अवकाशांत करतो. हें ज्यांना परवडत नसेल त्यांनीं खुशाल कर्णे वाढवावे आणि लोकांना बुडवावें. फक्त त्या व्यवहारास कलेचें नांव देऊं नये. पाणी कितीही खोल केलें तरी त्यानें कोणी पोहावयास शिकत नाहीं.